च्या वतीने

रविवार कारंजावर, घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर
जिना चढून डावीकडे निमसे मॅडमचा क्लास.
पुढे मुलाखतींना निघालेली पोरं,
शेवटच्या बाकावर मी, वय वर्षं त्रेपन्न.
फळ्यावर आज तीन शब्द :
ऑन. बिहाफ. ऑफ.

मॅडम म्हणाल्या, सुटे करू नका,
तिघांचा मिळून एकच अर्थ : च्या वतीने.
मधला एकटा सहसा कुठे दिसत नाही,
दोघांनी दंडाला धरून आणल्यासारखा येतो.

मी उतरवून घेतलं. मग लक्षात आलं,
आपल्याकडे माणूस आधी, नातं मागून चिकटतं.
भावाच्या. वतीने.
त्यांच्यात नातं आधी येऊन बसतं,
कुणाच्या वतीने, ते मागून कळतं.

पाच वाक्यं करून आणा.

एक. सोसायटीच्या वतीने गायधनींनी
पाणी जपून वापरायला सांगितलं.
दोन. वर्गाच्या वतीने अल्तमशने मॅडमना पेन दिलं.
तीन. रामकुंडावर गुरुजी यजमानाच्या वतीने मंत्र म्हणतात,
यजमान ओल्या हाताने मोबाइल शोधत असतो.
चार. भावाच्या वतीने मी

इथे पेन थांबलं.

दादा तांबट. जन्मापासून ऐकू येत नाही.
आपल्या आळीत ही सोयच, वडील म्हणायचे,
बाकीच्यांचे कान पन्नाशीला जातात,
याने आधीच देऊन टाकले.
शाळेत त्याची हजेरी मी दिली.
बँकेत, रेशनवर, डॉक्टरांपुढे मी.
दुखतंय का? हो, दुखतं त्याला.
सिन्नरच्या स्थळाला त्याच्या वतीने मी नको म्हटलं.
मुलगी जरा चकणी आहे, असं मला वाटलं होतं.
त्याच्या चहात दोन चमचे साखर, तीही मीच ठरवलेली.

आणि आता रॉटरडॅमहून एक बाई मेल करतात.
दादाने मठारलेला तांब्या त्यांनी कुठेतरी पाहिला,
तसे चाळीस हवेत, सगळे एका मापाचे, एका ठोक्याचे.
त्यांच्यासाठीच तर हा क्लास.
मी लिहून ठेवलं होतं, फक्त पाठवायचं बाकी :
ऑन बिहाफ ऑफ माय ब्रदर, येस.

संध्याकाळी चौथं वाक्य त्याला सांगायला गेले.
आमच्या खुणा घरच्याच, कुठल्या पुस्तकातल्या नाहीत,
आणि 'च्या वतीने'ला खूणच नव्हती.
मी बोट त्याच्या ओठांना लावलं
आणि तिथून माझ्या ओठांपर्यंत आणलं.
तो बघत राहिला. हातोडी खाली ठेवली.
मग माझंच बोट धरून
माझ्या ओठांपासून त्याच्या ओठांपर्यंत उलटं नेलं
आणि भुवया उंचावल्या.

चाळीस करशील?
मूठ उपडी. नाही.
फळीवरच्या भांड्यांकडे बोट : हा एक, हा एक, हा एक.
त्यांच्यावरून हात फिरवला, कुठेच सारखा फिरला नाही.
मी चहा पुढे केला. साखर?
मूठ उपडी.
कधीपासून?
त्याने हात खांद्यावरून मागे टाकला,
म्हणजे आमच्यात 'काल'.
पुन्हा टाकला. पुन्हा.
मी मोजायचं सोडून दिलं.

सिन्नरचं विचारायचं राहिलं.
त्याची खूण येते मला.
विचारली नाही.

रात्री मेल उघडली. पुढचे तीन शब्द खोडले.
उरलं माय ब्रदर.
हाच आता वाक्याचा कर्ता होतो,
हे मॅडमनी मागच्याच आठवड्यात शिकवलंय.
माय ब्रदर सेज नो.
'सेज'पाशी जरा अडले.
मग तेच ठेवलं.